एका सामन्याचा मोसम

सांगलीच्या विश्रामबागेतल्या एखाद्या हायस्कुलाचा बास्केटबॉल संघ डोळ्यांसमोर आणा. बारा मुलं, एक क्रीडाशिक्षक, दोन-तीन चेंडू. जूनमध्ये शाळा उघडते, मग प्रवेशिका भरल्या जातात, ओळखपत्रांवर मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का पडतो, आणि पावसाने उघडीप दिली की शालेय स्पर्धा लागतात. पहिल्याच फेरीत तगडा संघ समोर आला तर तासाभरात सारे आटोपते. मुलं बॅगा उचलून परत येतात. त्यांचा त्या वर्षाचा बास्केटबॉल तिथेच संपतो. शाळेच्या नावाने, पंचांसमोर, गुणफलक लावून खेळलेला एक सामना, एवढाच त्यांचा मोसम.

यात अपघात कुठलाच नाही. बाद पद्धतीचे गणितच असे आहे. सोळा संघ उतरले तर पंधरा सामन्यांत विजेता ठरतो. त्यातले आठ संघ एकच सामना खेळून बाहेर पडतात आणि आणखी चार दोन सामन्यांनंतर. प्रतिस्पर्धी आलाच नाही आणि ‘पुढे चाल’ मिळाली, तर जिंकलेल्या संघाच्या वाट्यालाही खेळ येत नाही. आयोजकांच्या दृष्टीने हे सोयीचे आहे. एक मैदान, दोन दिवस, मोजके पंच, आणि तिसऱ्या दिवशी विजेत्याचे नाव विभागाकडे. पण शालेय स्पर्धा विजेत्याचे नाव वर पाठवण्यासाठी भरवायच्या की मुलांना खेळायला मिळावे म्हणून, हा प्रश्न या सोयीत कुणी विचारत नाही. तो विचारण्याची वेळ आली आहे, आणि सांगलीसारख्या जिल्ह्याने तो आधी विचारायला हवा.

कारण सांगलीला खेळाडूंचा तुटवडा कधीच नव्हता. विजय हजारे इथले. कवठेपिरानचे मारुती माने हिंदकेसरी झाले. माधवनगरमध्ये वाढलेली स्मृती मानधना नवव्या वर्षी महाराष्ट्राच्या पंधरा वर्षांखालील संघात होती. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत भारताचे पहिले पदक, भारोत्तोलनाच्या ५५ किलो गटातले रौप्य, संकेत सरगरने मिळवले. त्याच्या वडिलांची सांगलीत पानाची टपरी आणि चहाचा गाडा. ही नावे एकापाठोपाठ घेतली की एक गोष्ट ध्यानात येते. कुणाला तालमीने घडवले, कुणाला व्यायामशाळेने, कुणाला घराने. कुस्तीला गावोगाव तालीम आहे, क्रिकेटला क्लब आहे, गल्ली आहे, आणि ऐपत असेल तर अकादमीही आहे.

बास्केटबॉलला यातले काहीच नाही. पक्के मैदान, दोन खांब, ३.०५ मीटर उंचीवर दोन कड्या आणि निदान दहा मुलं, एवढे एका वेळी एका ठिकाणी जमल्याशिवाय हा खेळ होत नाही. सामान्य घरातल्या मुला-मुलीसाठी हे सारे एकाच ठिकाणी जमते, ते म्हणजे शाळा. मुळात या खेळाचा जन्मच वर्गातला. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड इथल्या वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने हिवाळ्यात मुलांना बंद सभागृहात खेळवण्यासाठी पीच फळांच्या दोन टोपल्या टांगल्या, तेरा नियम लिहिले आणि वर्गात अठरा विद्यार्थी होते म्हणून नऊ-नऊ जणांचे दोन संघ केले. एकही मुलगा बाहेर बसला नाही. भारतातही तो वायएमसीएच्या शिक्षकांनीच रुजवला. तेव्हा शाळा या खेळाकडे कसे पाहते, यावर त्याचे सारे भवितव्य आहे.

आणि विश्रामबाग म्हणजे शाळा-कॉलेजांचीच वसाहत. सांगली आणि मिरज यांच्या मधल्या या भागात १९१९ पासून विलिंग्डन महाविद्यालय आहे, १९४७ पासून वालचंद अभियांत्रिकी आहे, आणि त्यांच्या आसऱ्याने वाढलेल्या शाळा, वसतिगृहे, शिकवण्या आहेत. संध्याकाळी पाच वाजता इथल्या रस्त्यांवर सायकली आणि दप्तरांची गर्दी होते ती क्लासकडे जाणारी. ती गर्दी मैदानाकडे का वळत नाही, याचा दोष केवळ पालकांच्या माथी मारून चालणार नाही. वर्षभर सराव करायचा आणि एक सामना खेळायचा, हा सौदा कुठल्याही शहाण्या पालकाला न पटणाराच आहे.

आता हा कारभार चालतो कसा ते पाहू. महाराष्ट्रात शालेय स्पर्धा राज्याचे क्रीडा व युवक सेवा संचालनालय भरवते. १४, १७ आणि १९ वर्षांखालील मुलगे आणि मुली असे गट असतात. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी चढण. महापालिका क्षेत्राला जिल्ह्याचाच दर्जा, त्यामुळे विश्रामबागेची शाळा सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेच्या गटात खेळते आणि जिंकली तर थेट कोल्हापूर विभागात सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गच्या संघांसमोर उभी राहते. त्याच्याही वर १९५४ मध्ये स्थापन झालेला भारतीय शालेय खेळ महासंघ आणि त्याच्या राष्ट्रीय शालेय स्पर्धा.

कागदावर हा जिना सरळ दिसतो. पण त्याच्या शेजारी आणखी जिने आहेत. सीबीएसईच्या शाळांच्या स्वतःच्या स्पर्धा आहेत आणि राष्ट्रीय शालेय स्पर्धेत त्यांचा संघ राज्याच्या संघाविरुद्ध वेगळे पथक म्हणून उतरतो. केंद्रीय विद्यालये, नवोदय विद्यालये यांचेही तसेच. बास्केटबॉल संघटनेच्या अजिंक्यपद स्पर्धा आणखी निराळ्या; त्यांचे वयोगट १३, १६ आणि १८ वर्षांखालचे. म्हणजे एकाच गल्लीतली दोन मुलं, एकाच वयाची, एकाच उंचीची, केवळ शाळेचे मंडळ वेगळे म्हणून शालेय स्पर्धेत कधी समोरासमोर येतच नाहीत असे घडू शकते. आणि एकच मुलगी शाळेच्या गटात लहान, तर संघटनेच्या गटात वयाबाहेर ठरते. या तीन-चार यंत्रणांनी एकत्र बसून वर्षाचे एक वेळापत्रक करावे, यासाठी कायदा लागत नाही, पैसाही लागत नाही.

वेळापत्रकाचे महत्त्व आपल्याकडे आणखी एका कारणाने आहे. पहिल्या फेऱ्या नेमक्या जुलै ते सप्टेंबरमध्ये येतात. कृष्णेची पातळी रोज पाहणाऱ्या शहराला हे दिवस काय असतात ते सांगायला नको. ऑगस्ट २०१९ मध्ये निम्मी सांगली पाण्यात होती. बास्केटबॉलची बहुतेक मैदाने उघडी. ओल्या सिमेंटवर चेंडू उसळत नाही आणि घसरलेला गुडघा मुलाला सहा महिने बसवतो. राष्ट्रीय स्पर्धांच्या तारखांना जुळवून घ्यायचे म्हणून खालची फेरी भर पावसात उरकायची, ही उलटी रीत आहे. स्पर्धा खालून वर रचली पाहिजे.

वरच्या मजल्यावर काय चालते, हेही पालकांना माहीत असावे. डिसेंबर २०१७ मध्ये ॲडलेडच्या पॅसिफिक शालेय स्पर्धांसाठी गेलेल्या भारतीय पथकातली एक पंधरा वर्षांची फुटबॉलपटू समुद्रकिनाऱ्यावर बुडून मरण पावली. लेकरू महासंघाच्या भरवशावर परदेशी पाठवले होते. केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने शालेय महासंघाची मान्यता स्थगित केली ती २०२० मध्ये. मध्ये दोन वर्षे गेली. बास्केटबॉल महासंघाचे तर २०१५ मध्ये दोन तुकडे झाले. दोन निवडणुका, दोन अध्यक्ष, आणि खरा कोण हे ठरवायला आंतरराष्ट्रीय संघटनेला मध्ये पडावे लागले. अशा वादांचे निकाल पदाधिकाऱ्यांसाठी लागतात. खेळाडूचे सतरावे वर्ष मात्र परत येत नाही. २०२५ मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला, क्रीडा लवादाची तरतूद केली, हे स्वागतार्हच. पण त्याचा रोख राष्ट्रीय संघटनांवर आहे. महापालिका गटातल्या सामन्यात समोरच्या संघात जादा वयाचा खेळाडू उतरला, तर तक्रार कुठे करायची, याचे उत्तर विश्रामबागेच्या क्रीडाशिक्षकाला त्या कायद्यात मिळणार नाही. आजची रीत अशी की आक्षेप मैदानावर लेखी द्यायचा आणि निर्णय आयोजकांनीच करायचा. स्पर्धा वेळेत संपवण्याची जबाबदारी ज्याच्यावर, त्यालाच न्यायाधीश करू नये.

याच प्रश्नावर अमेरिकेत एक खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. टेनेसी राज्यातल्या ब्रेंटवुड अकॅडमी या खासगी शाळेने नव्या मुलांना खेळाच्या सरावाला बोलावणारी पत्रे पाठवली. मुलं फोडण्याचा हा प्रकार आहे म्हणून राज्याच्या शालेय क्रीडा संघटनेने शाळेला तीन हजार डॉलर दंड केला आणि तिच्या फुटबॉल व मुलांच्या बास्केटबॉल संघांना दोन वर्षे बाद फेरीतून वगळले. संघटना म्हणे, आम्ही खासगी संस्था, आमचे नियम आमचे. २००१ मध्ये न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितले की जिचे ८४ टक्के सदस्य सरकारी शाळा आहेत ती संघटना सरकारचाच भाग आहे आणि तिला राज्यघटना लागू होते. २००७ मध्ये मूळ मुद्द्यावर शाळाच हरली. मुलं ओढण्याविरुद्धचा नियम योग्य ठरला. दोन्ही निकाल एकत्र वाचले पाहिजेत. नियम कडक असावा, आणि तो लावणाऱ्याने उत्तर द्यायला बांधील असावे. आपल्याकडे तर शालेय स्पर्धा थेट सरकारच भरवते. माहिती अधिकाराचा कायदा पहिल्या दिवसापासून लागू आहे. तरीही कुठल्या गटात किती शाळा उतरल्या, किती जणांना पुढे चाल मिळाली, किती आक्षेप आले आणि त्यांचे काय झाले, हे जिल्ह्याच्या कार्यालयाने दरवर्षी आपणहून का जाहीर करू नये?

अमेरिकेचेच आणखी एक उदाहरण. इंडियाना राज्यात शाळांच्या बास्केटबॉलला जत्रेचे स्वरूप असते. १९५४ मध्ये तिथे अवघ्या १६१ विद्यार्थ्यांच्या मायलन गावच्या शाळेने मन्सी सेंट्रल या मोठ्या शाळेला ३२–३० असे हरवून राज्याचे अजिंक्यपद मिळवले. लहान-मोठ्या साऱ्या शाळा एकाच स्पर्धेत, अशी तिथली जुनी परंपरा. तरी १९९७-९८ पासून त्या राज्याने पटसंख्येनुसार शाळांचे चार गट केले, लोकांचा विरोध पत्करून केले. तिथलीही अंतिम स्पर्धा बाद पद्धतीचीच आहे. पण तिच्याआधी प्रत्येक शाळा हिवाळाभर वीसेक सामने खेळलेली असते. आपण बाद फेरी ठेवली आणि तिच्याआधीचा मोसम विसरलो.

त्या जागी आपण काय ठेवले? प्रमाणपत्र. दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण, २५ पर्यंत. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण. दोन्ही तरतुदी चांगल्या हेतूने झाल्या आणि त्या राहायलाच हव्यात. खेळात घालवलेल्या तासांची भरपाई मुलाला मिळालीच पाहिजे. पण खेळ कमी आणि प्रमाणपत्र मोलाचे झाले की बाजार उभा राहतो. ट्रॅम्पोलिनसारख्या खेळांची बनावट प्रमाणपत्रे जोडून नोकऱ्या मिळवल्याची प्रकरणे याच राज्याने पाहिली. त्यात नुकसान झाले ते उन्हात खऱ्याखुऱ्या धावलेल्या पोरांचे. बारा सामने खेळलेल्या मुलाची साक्ष द्यायला बारा गुणपत्रके आणि बारा प्रतिस्पर्धी असतात. एका सामन्याच्या मोसमात ती साक्षच उरत नाही.

या साऱ्यात क्रीडाशिक्षकाची अवस्था सर्वांत बिकट आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला मैदान हवे असे लिहिले आहे. किती मोठे ते लिहिलेले नाही. सहावी ते आठवीला शंभरावर मुलं असतील तर शारीरिक शिक्षणाला अंशकालीन निदेशक, एवढीच तजवीज. संचमान्यतेच्या हिशेबात पीटीच्या सरांचे पद कधी उडेल याचा भरवसा नाही. निवडणूक, जनगणना, पोषण आहार सांभाळून उरलेल्या वेळात संघ घडवायचा. आणि तरीही अशाच शिक्षकांनी या मुलखाला मोठे केले आहे. फलटण तालुक्यातल्या सरडे गावच्या प्रवीण जाधवला जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षकाने हेरले, धावायला लावले, क्रीडा प्रबोधिनीत पाठवले. तो तिरंदाज म्हणून टोकियो ऑलिम्पिकला गेला. कराडच्या टिळक हायस्कुलात शिकलेल्या खाशाबा जाधवांना १९५२ च्या हेलसिंकीला जाता यावे म्हणून राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकले. शिक्षकाने घर गहाण टाकावे आणि व्यवस्थेने वेळापत्रकही बदलू नये, हे सत्तर वर्षांनंतर तरी शोभणारे नाही.

मागणी साधी आहे. येत्या वर्षी महापालिका गटातली बास्केटबॉल स्पर्धा साखळीने खेळवा. सोळा संघ असतील तर चार-चारचे चार गट, गटात चोवीस सामने, आणि प्रत्येकी दोन संघांची बाद फेरी धरून एकूण एकतीस. पंधराऐवजी एकतीस, आणि प्रत्येक मुलाला निदान तीन सामन्यांची हमी. दोन दिवसांऐवजी चार-पाच शनिवार-रविवार लागतील. विश्रामबागेच्या दोन मोठ्या महाविद्यालयांनी आणि ज्या शाळांकडे मैदान आहे त्यांनी ते या रविवारांपुरते उघडावे. महापालिकेने पंचांचे मानधन आणि मुलांच्या पाण्या-नाश्त्याचा खर्च उचलावा. शहराच्या अंदाजपत्रकात ही रक्कम दिसणारही नाही. आक्षेपांसाठी आयोजनात नसलेल्या तिघांची समिती नेमावी आणि तिने अठ्ठेचाळीस तासांत लेखी निकाल द्यावा. मंडळ कुठलेही असो, विश्रामबाग-सांगली-मिरज-कुपवाडची प्रत्येक शाळा या साखळीत असावी, मुलींचे संघ त्याच मैदानावर त्याच दिवशी खेळावेत, आणि राज्याने ऑक्टोबरपूर्वी विजेत्याचे नाव मागू नये.

जिल्हा क्रीडा अधिकारी, महापालिका आयुक्त आणि मुख्याध्यापक संघ यांनी प्रवेशिका निघण्याआधी, म्हणजे मे महिन्यातच, एकत्र बसावे. पालकांनीही शाळेत जाऊन विचारावे: आमच्या मुलीचा संघ यंदा किती सामने खेळणार?