चिवटपणाचं खापर ओव्हनवर नको

घरच्या ओव्हनमध्ये मटण चिवटच होतं, ते काम कुकरचंच, असं अहिल्यानगर जिल्ह्यात अनेकांचं ठाम मत असतं. तक्रार खोटी नाही. तिचं खापर ओव्हनवर फोडणं मात्र चूक आहे. परदेशी पाककृतींमधला वेळ असतो कोवळ्या, चरबीदार कोकराच्या रानेसाठी, आणि ते मांस आतून गुलाबी असतानाच कापतात. आपल्याकडे मटण म्हणजे बोकड. ज्या संगमनेरी शेळीला या जिल्ह्यातल्या गावाचं नाव मिळालं, तिच्या मांसातही चरबी बेताचीच. हिशेब एका जनावराचा आणि रान दुसऱ्याची, मग दोष यंत्राचा कसा?

मांसाचं तापमान 60 अंशांपुढे गेलं की स्नायूंचे धागे आक्रसतात आणि पाणी बाहेर पडू लागतं. त्या धाग्यांना बांधून ठेवणाऱ्या कोलॅजेनचं मऊ जिलेटिन व्हायला मात्र 70 अंशांहून जास्त उष्णता लागते, तीही बराच वेळ. म्हणजे आतून 75 अंश झाल्याबरोबर बाहेर काढलेली बोकडाची रान सगळ्यात वाईट: पाणी गेलेलं आणि कोलॅजेन जागच्या जागी. घाबरून तिथेच थांबणारे ओव्हनला नावं ठेवतात. ओव्हन 150 अंशांवर ठेवून, भांडं घट्ट झाकून अडीच-तीन तास धीर धरला, की नळीच्या टोकाशी मांस मागे सरून हाड उघडं पडतं आणि सुरी जोर न लावता आत जाते. घड्याळापेक्षा ही खूण भरवशाची. मग झाकण काढून 220 अंशांवर दहा-पंधरा मिनिटं ठेवायची, म्हणजे वरून खरपूस रंग चढतो.

आधी मोठ्या आचेवर भाजलं की रस आत कोंडला जातो, हा समज एकोणिसाव्या शतकातल्या लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञामुळे पसरला. तो टिकत नाही. भाजलेल्या तुकड्याखाली तवा चरचरत राहतो, तो बाहेर पडणाऱ्या पाण्यामुळेच. भाजल्याने मिळते ती चव. कुकरमध्ये साधारण 120 अंशांची ओली वाफ असते, तिथे मांस तांबूस होत नाही. म्हणून तर आपण कांदा-खोबरं वेगळं भाजून वाटण करतो. ओव्हन तेच काम थेट मांसावर करतो.

हे पाश्चात्त्य थेर आहे, असा आक्षेप येईल. रायगडची पोपटी पाहावी: भांबुर्ड्याच्या पाल्यात मांस आणि शेंगा, बंद मडकं, भोवती जाळ. कोंडलेल्या उष्णतेत मांस शिजवणं आपल्याला नवं नाही. विजेचं म्हणाल, तर दीड किलोवॉटचा ओव्हन तीन तास अखंड तापला तरी साडेचार युनिटं; थर्मोस्टॅट अधूनमधून बंद होत असल्याने प्रत्यक्षात त्याहून कमीच. कुकरपेक्षा महाग, हे मान्य. रोजच्या रश्शाला कुकरच योग्य, त्याबद्दल वाद नाही.

सकाळी कापलेलं दुपारी शिजलंच पाहिजे, हा आग्रह मात्र सोडावा लागेल. कापल्यावर काही तासांत स्नायू ताठरतात आणि ते सैल पडायला वेळ लागतो. दही, आलं-लसूण, मीठ चोळून रान रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावी. खाटकाकडून ती अख्खीच घ्यावी. रश्शाचे लहान तुकडे या कोरड्या आचेत वाळून जातात.