सलाईन नको, टॉर्च आणा

अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाचं खाणंपिणं कमी झालं की घरात हटकून एक मागणी पुढे येते : "डॉक्टर, एक सलाईन लावून टाका ना." मागणारा बहुधा परगावाहून आदल्या रात्री आलेला असतो. बाटली टांगलेली दिसली की त्याच्या जिवाला बरं वाटतं. आमच्या सासूबाईंच्या वेळीही तेच झालं. डॉक्टरांनी मात्र टॉर्च मागितला आणि त्यांचं तोंड उघडून बघितलं. जिभेला भेगा, टाळूला वाळलेले पापुद्रे, कवळीखाली लालबुंद हिरड्या. "तहान इथे आहे," ते म्हणाले, "शिरेत नाही."

जुलाब किंवा तापाने अंगातलं पाणी गेलं, तर सलाईन हवंच. पण आयुष्याच्या अगदी शेवटच्या टप्प्यात त्याचा उपयोग आपल्याला वाटतो तेवढा नसतो. अशा अवस्थेतल्या कर्करोगाच्या रुग्णांवरचा एक अमेरिकी अभ्यास 2013 साली प्रसिद्ध झाला. काहींना रोज एक लिटर सलाईन दिलं, काहींना नावापुरतं 100 मिलिलिटर. थकवा, गुंगी, भास यांत दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. ती आटते त्याचा दोष आपण वयाला देतो, पण बऱ्याचदा खरा दोष गोळ्यांच्या डब्याचा असतो. ॲलर्जीच्या, नैराश्याच्या, सारखी लघवी होऊ नये म्हणून दिलेल्या कितीतरी गोळ्या तोंड कोरडं पाडतात. त्यात उघड्या तोंडाने श्वास, नाकात ऑक्सिजनची नळी. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत, पण डबा डॉक्टरांपुढे एकदा ओतावा जरूर.

बाकीचं काम हाताचं आहे. उशाकडची बाजू उंच करायची, ते जमत नसेल तर कुशीवर वळवायचं. लहान मुलांचा मऊ ब्रश पाण्यात बुडवून चांगला झटकायचा आणि दात, हिरड्या, गालांची आतली बाजू, जीभ हळुवार पुसायची. पापुद्रे ओढायचे नाहीत, भिजू द्यायचे, आपोआप सुटतात. गिळता येत असेल तर चमच्याने घोट घोट पाणी किंवा बर्फाचा बारीक खडा. शहाळ्याच्या पाण्याचा बर्फ आमच्याकडे फार चालला. ठसका लागत असेल तर पाणी पाजायच्या भानगडीत पडू नये, तोंड नुसतं ओलावावं. जागेपणी दर दीड-दोन तासांनी. ओठांना व्हॅसलीन, ऑक्सिजन चालू असेल तर तेलकट काही नको, पाण्याचा अंश असलेलं मलम विचारून घ्यावं. दातांमध्ये बोट घालू नये, कारण माणूस शुद्धीत नसला तरी जबडा मिटतो आणि तो चांगलाच मिटतो. काडीला स्पंज लावलेले बोळे मिळतात, पण स्पंज सुटून घशात अडकण्याचा धोका असल्याचा इशारा ब्रिटनमध्ये 2012 साली दिला गेला होता. मला ब्रशच बरा वाटतो.

आणि ग्लिसरीन-लिंबू! पिढ्यान् पिढ्या प्रेमाने लावलं गेलं. पण ग्लिसरीन पाणी ओढून घेतं, म्हणून तोंड पुढे आणखी सुकतं आणि लिंबू चिरलेल्या जिभेला झोंबतं. जिभेवर दह्यासारखा पांढरा थर दिसला आणि पुसल्यावर खाली लाल निघालं, तर ती बहुधा बुरशी. तिला औषध आहे. कवळी रात्री काढून, घासून, पाण्यात ठेवायची.

हे सारं नुसतं आरामासाठी नाही. जपानमधल्या 11 वृद्धाश्रमांमध्ये दोन वर्षं पाहणी झाली, तिचे निष्कर्ष 1999 साली आले. ज्यांच्या तोंडाची नीट निगा राखली त्यांच्यात न्यूमोनिया 11 टक्के जणांना झाला, इतरांत 19 टक्के. घाणेरड्या तोंडातले जंतू लाळेबरोबर फुप्फुसात उतरतात, एवढं साधं ते गणित.

आपल्याकडे शेवटच्या क्षणी मात्र तोंडाची आठवण सगळ्यांना होते. देवघरातली गंगाजलाची लोटी शोधायला अख्खं घर धावतं, तुळशीचं पान येतं. श्रद्धा आहे, असू दे. पण त्या तोंडात आधीचे कित्येक महिने कोणी डोकावलेलंसुद्धा नसतं. ब्यूरोकडून आलेल्या मावशींना आपण डायपर, गोळ्या, कूस बदलणं, चादर असं सगळं वेळेसकट लिहून देतो. त्या कागदावर तोंडाची ओळ मी आजवर दोनच घरांत पाहिली आणि त्यांतल्या एका घरातली सून नर्स होती.