‘ध’चा ‘मा’ कुणी केला?

मैत्रिणींनो, परवा रनाळ्याला आम्ही बायका जमलो होतो. दुसऱ्या एका गावची एक ग्रामपंचायत सदस्य आली होती. तिच्या गावच्या महिला ग्रामसभेत बायकांनी ठरवलं, ‘दारूचा गुत्ता बंद करावा.’ ठरावाच्या पुस्तकात उतरलं, ‘बंद करण्याबाबत विचार करावा.’ तिने दुरुस्ती मागितली, तर भर सभेत एकजण म्हणाला, “आनंदीबाई, ‘ध’चा ‘मा’ करू नका!” सगळे हसले. तीसुद्धा हसली. सवयीने.

30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्याला मारलं. पेशवाई मिळाली कुणाला? चुलत्याला, रघुनाथरावाला. रामशास्त्री प्रभुण्यांनी दोषी धरलं कुणाला? रघुनाथरावालाच. गादी गेल्यावर इंग्रजांचं दार ठोठावून 1775 मध्ये सुरतेचा तह केला, साष्टी-वसई लिहून दिली, तीही त्यानेच. आणि लोकांच्या तोंडी काय राहिलं? तो राघोभरारी, अटकेपर्यंत घोडी नेणारा, बिचारा बायकोच्या नादाने बिघडला! ‘धरावे’चं ‘मारावे’ तिने केलं म्हणे. खाडाखोडीचा तो कागद आजवर कुणी पुढे ठेवलेला नाही. पण नाटकं-सिनेमांना कागद लागतो कशाला?

आनंदीबाई निष्पाप होती असं मला म्हणायचं नाही. नवऱ्याला गादी मिळावी असं तिला वाटत असणारच. त्या वाड्यात कुणाला काही मिळवायचं नव्हतं? नाना फडणवीसांनी डाव टाकले, त्यांची गणना साडेतीन शहाण्यांत. तिने टाकले तर ते कारस्थान. चीनमध्ये वू झेत्यान ही बाई 690 साली स्वतःच सम्राट झाली. तिची बखरही दरबारी पुरुषांनीच लिहिली, आणि क्रूरपणाचे रंग तिथेही सढळ हाताने भरले.

आणि आनंदीबाईवरचा आरोप तरी कसला, बघा. तलवारीचा नाही, विषाचा नाही. लेखणीचा! बाईच्या हाती लेखणी गेली की अक्षर फिरणार, ही धास्ती त्या म्हणीत आहे. आपल्या सदस्य मैत्रिणीच्या बाबतीत तर अक्षर फिरवलं दुसऱ्यांनीच, आणि म्हण तिच्या माथी मारली.

पुढच्या ग्रामसभेत ठराव मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय ती सही करणार नाही. रनाळ्याहून आम्ही पाच-सहाजणी सोबत जाणार आहोत. वही-पेन घेऊन.