लीला चिटणीस आणि आपल्या मुली

दिवाळीची सुट्टी संपली की आपल्या शाळेत स्नेहसंमेलनाची गडबड सुरू होते. नाटकाच्या तालमींना मी मदत करते. पाचवी-सहावीत नावे द्यायला मुलींची झुंबड उडते; आठवीनंतर मात्र तीच नावे एकेक करून गळत जातात. गेल्या वर्षी नाटकातल्या आईच्या भूमिकेसाठी नववी-दहावीतली एकही मुलगी मिळाली नाही. शेवटी नववीतल्या एका मुलाने लुगडे नेसून ती भूमिका केली. प्रसंग आईच्या दुःखाचा होता आणि प्रेक्षक पोट धरून हसत होते. मला काही हसू आले नाही.

त्या रात्री मला लीला चिटणीस आठवल्या. घरातल्या वडीलधाऱ्यांना त्या नक्की आठवतील. 'आवारा' (१९५१), 'गंगा जमुना' (१९६१), 'गाईड' (१९६५) या चित्रपटांतली पदराने डोळे पुसणारी आई ती याच. पण त्या आपल्या शेजारच्या धारवाडच्या, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे?

१९०९ साली धारवाडला नगरकरांच्या घरी त्यांचा जन्म झाला. वडील इंग्रजीचे प्राध्यापक. लहान वयातच लग्न झाले, चार मुले झाली. तरी त्या बी.ए. झाल्या. पुढे पतीपासून वेगळे व्हावे लागले आणि मुलांची जबाबदारी अंगावर आली. त्यांनी काही काळ शाळेत शिकवले आणि नाटकांतून कामे केली. मराठी रंगभूमीवर तेव्हा स्त्रियांच्या भूमिका बहुधा पुरुषच करीत. 'नाट्यमन्वंतर' या संस्थेने १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा' रंगभूमीवर आणले आणि स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांना दिल्या. लीलाबाई याच संस्थेत घडल्या. सिनेमात त्या शिरल्या, तेही घर चालवण्यासाठी. सुरुवातीला अगदी किरकोळ कामे करून.

१९३७ साली 'जेंटलमन डाकू' आला. त्यात त्यांनी पुरुषी वेषात वावरणाऱ्या सभ्य लुटारूची भूमिका केली. महाराष्ट्रातली पडद्यावर आलेली पहिली पदवीधर स्त्री अशी त्यांची जाहिरात झाली. मग बॉम्बे टॉकीजच्या 'कंगन' (१९३९), 'बंधन' (१९४०) आणि 'झूला' (१९४१) या चित्रपटांत अशोककुमार यांच्याबरोबर त्या नायिका होत्या. तिन्ही चित्रपट गाजले. १९४१ साली लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकलेल्या त्या पहिल्या भारतीय अभिनेत्री. १९४२ साली त्यांनी 'किसी से ना कहना' या चित्रपटाची निर्मिती केली आणि १९५५ साली 'आज की बात'चे दिग्दर्शनही केले.

मुलांनो, आता थोडी वजाबाकी करा. १९४८च्या 'शहीद'मध्ये लीलाबाई दिलीपकुमार यांच्या आई झाल्या. दिलीपकुमार यांचा जन्म १९२२चा. म्हणजे आई आणि मुलगा यांच्या वयात अंतर अवघे तेरा वर्षांचे! अशोककुमार लीलाबाईंपेक्षा दोनच वर्षांनी लहान, जन्म १९११चा. ते मात्र १९४९च्या 'महल'मध्ये नायक होते आणि त्यांची नायिका मधुबाला १९३३ साली जन्मलेली. तीन चित्रपटांतल्या जोडीपैकी एकाला नायकपण राहिले आणि दुसरीला चाळिशीच्या आतच पांढरे केस लावावे लागले. दोघांनाही अभिनय उत्तम येत होता. फरक होता तो बघणाऱ्यांच्या नजरेत.

आपल्या शाळेत तरी दुसरे काय होते? मुलगा दहावीत नाटकात उतरला की तो 'हौशी' ठरतो. मुलीने नाव दिले की 'आता अभ्यासाकडे बघ' असे ऐकवले जाते. पालकांची काळजी मला कळते. मीही एका मुलीची आई आहे. तालीम लांबते, अंधार पडतो, बोर्डाची परीक्षा तोंडावर असते. पण बोर्डाची परीक्षा मुलांनाही असते. अंधाराची अडचण वेळ बदलून सुटते, मुलीचे नाव काढून नव्हे.

कोणी म्हणेल, आम्हाला काय मुलीला सिनेमात पाठवायचे आहे? नसेल पाठवायचे. पण चार लोकांसमोर उभे राहून स्वच्छ मराठीत आपले म्हणणे मांडणे, दिलेले काम वेळेवर करणे, चुकले तर सावरून घेणे, हे सगळे तालमीतच अंगी मुरते. उद्या ती वकील होवो, शिक्षिका होवो किंवा स्वतःचे दुकान काढो, हे तिच्या उपयोगी पडेल. लीलाबाईंवर प्रसंग आला तेव्हा त्यांच्या हाताशी दोनच गोष्टी होत्या, शिक्षण आणि कला. दोन्हींच्या बळावर त्यांनी संसार ओढला. अमेरिकेत, कनेटिकट राज्यात, जुलै २००३मध्ये त्यांचे निधन झाले. 'चंदेरी दुनियेत' हे त्यांचे आत्मचरित्र मराठीत आहे. आपल्या ग्रंथालयात त्याची एक प्रत असायला हवी.

विश्वस्त मंडळींना माझी विनंती आहे, की यंदा तालमी शाळा सुटल्यावर लगेच घ्याव्यात, दिवेलागणीच्या आत संपवाव्यात आणि प्रत्येक तालमीला एक शिक्षिका हजर असावी. पालकांनी मुलगा-मुलगी दोघांना एकच नियम लावावा. आणि आठवी ते दहावीच्या मुलींनो, यंदा नावे द्या. नाटकात आईची भूमिका आहेच. पण न्यायाधीशाची, सेनापतीची आणि लुटारूचीही आहे. हवी ती मागून घ्या.