ठरावाला हात वर करण्याआधी



ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत शेवटी एक ओळ असते: अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय. चौकाला कुणाचे नाव द्यायचे, कुणाला भारतरत्न मिळावे म्हणून सरकारला कळवायचे, कुणाचा गौरव करायचा, हे विषय अनेकदा याच ओळीतून आत शिरतात. सूचक उभा राहतो, अनुमोदक मान हलवतो, टाळ्या पडतात. नाव सर्वांना मान्य असेल तर प्रश्नच नाही. पण ज्या नावावरून गावात दोन मते आहेत, त्याचा ठराव आला की हात वर करण्याआधी थांबा. सभागृहात असा ठराव फुकटात होतो, त्याची किंमत मात्र वाड्यावस्त्यांवर वसूल होते.

महाराष्ट्राने हे भोगले आहे. २७ जुलै १९७८ रोजी विधानसभा आणि विधान परिषद या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव मंजूर केला. शरद पवार मुख्यमंत्री होऊन तेव्हा नऊच दिवस झाले होते. ठराव योग्यच होता. औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय काढून मराठवाड्यातल्या गरिबांच्या मुलांना उच्च शिक्षणाची वाट बाबासाहेबांनीच करून दिली होती. चुकले ते पुढचे. गावोगाव जाऊन लोकांशी बोलण्याचे काम झाले नाही आणि दलित वस्त्यांना वेळेवर संरक्षण मिळाले नाही. हात मुंबईत वर झाले, घरे मराठवाड्यात जळली, आणि तीही ज्यांच्या बाबासाहेबांचा हा सन्मान होता त्यांचीच. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळेंचा जीव गेला. कितीतरी कुटुंबे गाव सोडून गेली.

आणि ठराव? तो बासनात गेला. १९७९ मध्ये जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली लोक नागपूरहून चालत निघाले, वर्षानुवर्षे मोर्चे निघाले, तुरुंग भरले. शेवटी १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाचा नामविस्तार झाला. एकमुखाने झालेल्या ठरावाला साडेपंधरा वर्षे लागली.

यावरून कुणी म्हणेल, मग असली नावे घेऊच नका. मला ते मान्य नाही. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या गावाच्या वेशीबाहेर ठेवले, त्यांनी आपल्या माणसाचे नाव मागणे हा त्यांचा हक्कच आहे. माझे म्हणणे ठराव करणाऱ्यांना आहे: नाव देणार असाल तर त्या नावामागे उभ्या राहणाऱ्या माणसांच्या पाठीशी शेवटपर्यंत राहा. ते जमणार नसेल तर त्यांना पुढे करू नका.

काही ठराव तर मंजूर होण्यासाठी आणलेलेच नसतात. २६ फेब्रुवारी २०२० रोजी, सावरकरांच्या पुण्यतिथीला, त्यांच्या गौरवाचा ठराव विधानसभेत घ्यावा अशी मागणी विरोधी बाकांवरच्या भाजपने केली. तेव्हा सरकारमध्ये शिवसेना आणि काँग्रेस शेजारी बसत होते. अध्यक्ष नाना पटोले यांनी मागणी फेटाळली. त्या दिवशी सावरकरांच्या विचारांवर काय चर्चा झाली? नावापुरतीसुद्धा नाही. सरकारमधल्या मित्रपक्षांना पेचात पकडणे एवढाच त्या मागणीचा उपयोग होता, असे माझे स्पष्ट मत आहे. भारतरत्नाची मागणी करणारा ठरावही असाच पोकळ: त्यासाठी नाव पंतप्रधान राष्ट्रपतींना सुचवतात. विधानसभेचा ठराव त्यांच्यावर बंधनकारक नसतो, मग ग्रामसभेचा कुठून असणार?

आता आपल्या जवळचे पाहा. ठाणे-रायगडच्या आगरी-कोळी घरांत दि. बा. पाटील कोण हे सांगावे लागत नाही. त्यांच्या नेतृत्वाखाली सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध झालेल्या १९८४ च्या जासईच्या लढ्यात पाच जणांनी गोळ्या झेलल्या, आणि त्या संघर्षातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क मिळाला. नवी मुंबईच्या विमानतळाला त्यांचे नाव मिळावे ही मागणी रास्त होती. पण २०२१ मध्ये सिडकोने बाळासाहेब ठाकरे यांचे नाव पुढे केले, आणि दोघांनाही मानणाऱ्या माणसांना एकमेकांसमोर उभे राहावे लागले. पुढे दि. बां.च्या नावाला मंजुरी मिळाली ती २९ जून २०२२ रोजी, ठाकरे सरकारच्या शेवटच्या बैठकीत. ऑगस्टमध्ये विधिमंडळानेही ठराव केला. तरी ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले तेव्हा नाव अधिकृत झालेले नव्हते.

आपल्या ग्रामसभेपुढे याहून मोठी कामे आहेत. शहापूर तालुका पेसा (अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींचा कायदा) क्षेत्रात येतो. गौण वनोपज, भूसंपादन, दारूबंदी अशा विषयांत इथल्या ग्रामसभेच्या शब्दाला कायद्याने वजन आहे. तानसा आणि भातसा मुंबईची तहान भागवतात आणि आपल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. धरण उशाला, कोरड घशाला, हे आपण किती वर्षे म्हणायचे? ज्या सभेत पाण्यावर बोलायचे, ती सभा नावाच्या भांडणात उधळली तर टँकरवाल्याखेरीज कुणाचे भले होणार?

सन्मान ठरावावर अडत नाही. २ जानेवारी १९४३ रोजी स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल आणि हिराजी पाटील मुरबाडच्या सिद्धगडावर हुतात्मा झाले. आजही त्या दिवशी लोक तिथे जातात.

म्हणून येत्या ग्रामसभेला जा, आणि घरातल्या बायकांनाही आधीच्या महिला सभेला जाऊ द्या. वादाच्या नावाचा ठराव ऐनवेळी घेऊ देऊ नका. तो रीतसर नोटिशीत छापायला लावा, म्हणजे प्रत्येक पाड्याला कळेल. सूचकाला विचारा की याची अंमलबजावणी कोण करणार, जागा कुणाची, खर्च कुणाचा, आणि उद्या फलकावर दगड पडला तर त्या वस्तीत रात्री कोण उभे राहणार. आमदार-खासदार भेटले तर त्यांनाही विचारा: तुमचा ठराव दिल्लीला कोणत्या तारखेला गेला? शेवटी इतिवृत्त वाचून घ्या. तुमचा विरोध त्यात नोंदवला नसेल, तर सही करू नका.