दिव्यावरचे पतंग आणि आपले रजिस्टर

शेरोशायरीतला पतंग दिव्यावर प्रेमापोटी झेपावतो. आपल्या होस्टेलवर तोच पतंग मेसच्या वरणात पडतो, तेव्हा मात्र कुणाला शेर सुचत नाही! २०२४ साली 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये आलेल्या संशोधनाने तर प्रेमाची गोष्टच निकालात काढली. हाय-स्पीड कॅमेऱ्यात दिसलं ते असं, की पतंग उजेडाकडे झेपावत नाही, तो उजेडाकडे पाठ करतो. उजेड म्हणजे आकाश, आणि आकाश वरच असणार, या हिशोबाने तो शरीर तोलतो. बल्ब बाजूला आला की हिशोब चुकतो आणि घिरट्या सुरू. थोडक्यात, चुकीच्या रेफरन्सवर चाललेली कंट्रोल सिस्टीम.

प्रकाश सापळा यावरच चालतो. वर दिवा, खाली नरसाळं, त्याखाली बादली. प्रोजेक्ट प्रदर्शनात सोलर सापळा हमखास असतो आणि त्यावर 'किडीचा नायनाट' असं पोस्टर. माझं स्पष्ट मत आहे, सापळा हे मारायचं यंत्र नव्हे, मोजायचं आहे. मारायलाच लावला तर क्रायसोपासारखे मित्रकीटकही त्याच बादलीत जातात.

आष्टीत हे मोजणं महत्त्वाचं, कारण आपल्यातल्या कित्येकांची फी कापसावर भरली जाते. २००२ मध्ये बीटी कापूस आला. पुढे गुलाबी बोंडअळीने तो पचवला आणि २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात बोंडंच्या बोंडं किडकी निघाली. ही अळी बोंडाच्या आत बसते. फवारा तिथे पोचत नाही आणि बाहेरून पत्ताही लागत नाही. उघड्यावर फिरतो तो तिचा करडा, इवलासा पतंग. म्हणूनच कामगंध सापळ्यात सलग ३ रात्री सरासरी ८ पतंग आले की उपाय सुरू करा, असं सांगतात. त्यात फक्त नर येतात; दिव्यावर नर-मादी दोन्ही. फरदड ठेवणाऱ्या शेजाऱ्याला तोंडी समजावण्यापेक्षा असे आकडे दाखवलेले बरे.

पण आकडा एकटा खोटं बोलतो. पौर्णिमेच्या आसपास पतंग कमी येतात, म्हणजे कीड गेली असं नाही. अल्ट्राव्हायोलेट नळी काढून साधा एलईडी लावला तरी आकडा पडतो. तेव्हा तारीख, चंद्र, पाऊस, वारा, दिवा कोणता, लाइट किती वेळ गेली, सगळं लिहायचं. एकही पतंग आला नाही तर शून्य लिहायचं. जर्नलमध्ये रीडिंग कसं 'बसवतात' ते सर्वांना ठाऊक आहे. इथे ते चालणार नाही, कारण आलेख सरळ यावा असा पतंगांचा आग्रह नसतो.

होस्टेलमागच्या बागेत जून ते डिसेंबर एक सापळा लावावा, असं मला वाटतं. बादलीत पाणी नको, अंड्यांचे रिकामे ट्रे ठेवा. पतंग त्यात शांत बसतात. सकाळी साळुंक्या यायच्या आत मोजायचे, अनोळखी असेल त्याचा फोटो काढायचा आणि बाकीचे झुडपात सोडायचे. बोंडअळीचे सोडायचे की नाही, यावर रूममध्ये वाद झालाच. माझं मत, ते सोडू नयेत. ट्रे मेसमधून मिळतील, विचारून झालंय. बोर्डाची परवानगी तेवढी रेक्टर सरांनी द्यावी.