नाव घेतले, नेम केव्हा घेणार?

2024 साली या शहरास व जिल्ह्यास अहिल्यानगर हे नाव मिळाले. जामखेड तालुक्यातील चौंडी गावी 1725 साली जन्मलेल्या अहिल्याबाई होळकर यांच्या जन्मास पुढे वर्षभरात तीनशे वर्षे पूर्ण झाली, आणि त्या निमित्ताने राज्याच्या मंत्रिमंडळाची बैठकही चौंडीस भरली. कचेऱ्यांवरील पाट्या बदलल्या, कागदांवरील शिक्के बदलले. परंतु ज्या बाईंचे नाव आपण घेतले, त्यांचा दिवस कसा जात असे, याची चौकशी किती जणांनी केली? त्यांनी बांधलेले घाट, विहिरी व धर्मशाळा यांचे वर्णन सर्वांस पाठ आहे. त्यांची दिनचर्या मात्र फारशी कोणास ठाऊक नाही. आणि पेढीवर किंवा कचेरीत बसणाऱ्या मनुष्यास रोज उपयोगी पडेल अशी गोष्ट तीच होय.

सर जॉन माल्कम हा इंग्रज अधिकारी बाईंच्या निधनानंतर सुमारे पंचवीस वर्षांनी माळव्यात होता. त्याने बाईंस प्रत्यक्ष ओळखणाऱ्या माणसांकडून माहिती घेऊन ती 1823 साली छापलेल्या आपल्या ग्रंथात नमूद केली आहे. त्यानुसार बाई सूर्योदयापूर्वी तासभर उठत. पूजा, पुराणश्रवण व दानधर्म आटोपून भोजन करीत. त्यानंतर थोडी विश्रांती घेत. दुपारी दोनच्या सुमारास त्या दरबारात येत व सायंकाळी सहापर्यंत बसत. मग दोन-तीन तास पूजा व फराळ यांत जात. नऊ वाजता पुन्हा कामास आरंभ होई, तो अकरा वाजता संपे, आणि मग निद्रा.

दरबाराचे हे तास मोजले तर जेमतेम सहा भरतात. एवढ्या वेळात 1767 पासून 1795 पर्यंत, म्हणजे अठ्ठावीस वर्षे, एका मोठ्या राज्याचा कारभार चालला. तो कसा चालला, याचे उत्तरही माल्कमच्याच वर्णनात आहे. पहिली गोष्ट अशी की, दरबाराची वेळ ठरलेली होती. फिर्याद घेऊन येणाऱ्या रयतेस बाई केव्हा भेटतील याचा भरवसा असे. दुसरी गोष्ट, प्रत्येक तंटा बाई स्वतः सोडवीत नसत; बहुतेक कज्जे पंचांकडे व कारभाऱ्यांकडे सोपवीत, आणि दाद मागणाऱ्यास मात्र स्वतः ऐकून घेत. तिसरी गोष्ट, पूजा, भोजन आणि झोप यांच्या वेळा कामाने गिळल्या नव्हत्या.

आता आपल्या बाजारपेठेकडे दृष्टी टाकावी. कापड बाजार, दाळमंडई, आडते बाजार येथील आमचे बांधव पैशाच्या हिशेबात तीळभर चुकत नाहीत. दिवसाचा मेळ बसल्याशिवाय गल्ला बंद होत नाही. चार रुपयांचा फरक आला तरी मुनीम रात्री बसून तो शोधतो. दिवाळीत वहीपूजन होते. वहीची जागा संगणकाने घेतली तरी पूजन चालूच आहे. परंतु सकाळी नऊपासून रात्री दहापर्यंतचे तेरा तास कोठे खर्ची पडले, याची एक ओळही कोठे लिहिलेली नसते. हातातील मोबाइल दर पाच मिनिटांनी वाजतो. भाव विचारणारा, निरोप धाडणारा व निव्वळ करमणुकीची चित्रे पाठविणारा, हे तिघेही एकाच दारातून आत येतात आणि सारखाच मान घेऊन जातात. ज्या वसुलीसाठी दिवस काढावयाचा होता ती उद्यावर जाते. उद्याची परवावर जाते.

हा ज्याचा-त्याचा खासगी प्रश्न आहे, असे कोणी म्हणेल. आम्हांस तसे वाटत नाही. मालकाच्या अव्यवस्थितपणाची किंमत मालक क्वचितच भरतो. हिशेबाचे काम दिवसभर राहून रात्री नऊला सुरू झाले म्हणजे गुमास्त्याची गावाकडील शेवटची एस. टी. चुकते. दुकान बंद करण्याची वेळ ठरलेली नसली म्हणजे घरातील बाई ताट झाकून अकरापर्यंत उपाशी बसते, आणि पहाटे पाण्यासाठी पुन्हा तीच उठते. मुलांस वडील झोपलेले तरी दिसतात, नाहीतर फोनवर बोलत असलेले. घरातील स्त्रीचा वेळ फुकट व नोकराचा वेळ विकत घेतलेला, असे जोवर आपण मनात धरून आहोत, तोवर आपल्या वेळेचा हिशेब ठेवण्याची निकड आपणांस कधीच भासणार नाही. म्हणून वक्तशीरपणास आम्ही केवळ धंद्याचे कसब समजत नाही. तो न्यायाचा भाग आहे.

'सवडच नाही, सवड मिळाली की सर्व नीट करू', ही सबब नेहमीची आहे. सवडीने काय होते व काय होत नाही, हे पाहण्यास आपला भुईकोट किल्ला जवळच आहे. ऑगस्ट 1942 मध्ये पंडित जवाहरलाल नेहरू, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव प्रभृती पुढाऱ्यांस तेथे कोंडण्यात आले. त्यांस सवडीची वाण नव्हती. तरीही नेहरूंनी आपल्या 'भारताचा शोध' या ग्रंथाच्या लेखनास हात घातला तो वीस महिने लोटल्यावर, एप्रिल 1944 मध्ये. आणि एकदा नित्य लिहू लागल्यावर सप्टेंबरपर्यंतच्या पाच महिन्यांत सुमारे हजार हस्तलिखित पाने तयार झाली. मौलाना आझाद पहाटेच्या अंधारात उठून, स्वतःच्या हाताने चहा करून पत्रे लिहीत. ती पुढे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. सवड सर्वांस सारखीच होती. काम उभे राहिले ते ठरलेल्या वेळी बैठक घातल्यामुळे.

हा नेम कसा घालून घ्यावा, याचा धडा नगर तालुक्यातील हिवरे बाजार गावाने दिला आहे. अवर्षणाचा हा प्रदेश. 1989 नंतर श्री. पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने या गावाने पाण्याचा ताळेबंद मांडण्यास प्रारंभ केला. पाऊस किती झाला हे मोजावयाचे, पिण्यासाठी व जनावरांसाठी लागणारे पाणी प्रथम बाजूला काढावयाचे, आणि उरलेल्या पाण्यात कोणते पीक किती घ्यावयाचे हे ग्रामसभेत ठरवावयाचे. पाऊस कमी तर पेराही कमी. शेतीसाठी बोअर घेण्यास बंदी. फार पाणी पिणाऱ्या उसासारख्या पिकांस आळा. मोजणे आधी, वाटणी नंतर, पेरणी त्याहून नंतर, असा हा क्रम आहे.

दिवसाचे चोवीस तास हे असेच मोजके पाणी आहे. त्याची वाटणी करू इच्छिणाऱ्याने प्रथम आठ दिवस नुसती नोंद ठेवावी: कोणत्या तासात काय केले, एवढेच; आणि ती लिहिताना स्वतःस फसवू नये. मग झोप, जेवण व घरच्या माणसांचा वेळ पिण्याच्या पाण्याप्रमाणे आधी बाजूला काढावा. उरलेल्या तासांत उद्या करावयाची तीन मुख्य कामे आज रात्री, गल्ल्याचा मेळ घालताना, त्याच बैठकीत लिहावी. त्यांतील सर्वांत कठीण काम गिऱ्हाइकांची वर्दळ सुरू होण्यापूर्वी हाती घ्यावे, आणि ते होईपर्यंत फोन दुसऱ्याच्या हवाली करावा. जे काम गुमास्ता करू शकतो ते त्यास सोपवावे, व सोपविल्यावर दर घटकेस त्याच्या मागे उभे राहू नये. रात्री तीनपैकी दोनच कामे झाली असतील तर तिसरे बाकी ओढून दुसऱ्या दिवसावर न्यावे. त्याबद्दल मनास लावून घेऊ नये. बाकी ओढली म्हणून कोणतीही पेढी बुडाली नाही. न लिहिलेल्या बाकीने मात्र पुष्कळ बुडाल्या.

यावर एक इशाराही दिला पाहिजे. नेमाचा अर्थ अधिक राबणे असा कोणी करू नये. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी वर्षानुवर्षे झगडून 10 जून 1890 रोजी रविवारची सुटी मिळविली, ती विश्रांती हा कामाचाच भाग आहे हे जाणून. ज्याचा वेळ त्याच्या मालकीचाच नाही, त्यास दिनचर्येचा उपदेश करणे ही तर थट्टा होय. पाथर्डीकडून ऊसतोडीस निघालेल्या टोळीचा दिवस गाडी केव्हा येईल यावर अवलंबून असतो. हमालाचा दिवस ट्रक केव्हा लागेल यावर. त्यांच्या वेळा ज्यांच्या हाती आहेत, त्यांनीच प्रथम आपल्या वेळा बांधून घेतल्या पाहिजेत.

म्हणून शहरातील व्यापाऱ्यांस आमची विनंती आहे की, प्रत्येक बाजारातील मंडळींनी एकत्र बसून दुकाने बंद करण्याची एक वेळ व आठवड्याची एक सुटी ठरवावी आणि ती सर्वांनी पाळावी. एकट्याने दुकान मिटले तर गिऱ्हाईक शेजारी जाईल ही भीती खरी आहे. सर्वांनी मिळून मिटले तर ती उरत नाही. हिवरे बाजारात एकट्या शेतकऱ्याने बोअर न घेऊन काही साधले नसते. सगळ्या गावाने ठरविले म्हणून विहिरींस पाणी राहिले. अहिल्याबाईंच्या दरबाराची वेळ माळव्यातील रयतेस ठाऊक असे. आपल्या दुकानाची बंद होण्याची वेळ निदान आपल्या गुमास्त्यास व आपल्या घरी ठाऊक असावी, एवढे तरी या गावच्या नव्या नावास साजेल.